स्कार्नविकची खिडकी

१

तेल कंपनीचा कुठलाही साहेब विलायतेला परत निघाला, की अहमदी या कंपनीच्या वसाहतीतल्या त्याच्या बंगल्यासमोर पहिला ट्रक उभा राही तो यूनुसशेठ परकारांचा. साहेबाच्या बदलीची बातमी शेठना त्याच्या मडमेआधी लागते, असं कुवेतच्या बाजारात बोललं जाई आणि शेठ ते कधी नाकारत नसत. श्रीवर्धनकडचा हा माणूस चौथीतून शाळा सोडून बोटीवर चढला होता. इंग्रजी शिकला तो मडमांशी घासाघीस करता करता. पलंग, पंखे, शिवणयंत्रं, बशांचे सेट, मिळेल ते उचलायचं आणि शहरातल्या दुकानात मांडायचं. एकदा तर अख्खा पियानो उचलला. "पण वाजवणार कोण?" असं गिऱ्हाइकानं विचारलं, तेव्हा शेठ म्हणाले, "वाजवायचा कशाला, हुजूर? वर खजुराचं तबक ठेवून बघा कसा शोभतो." पियानो त्याच दिवशी गेला.

१९५८ च्या मार्चमध्ये मिसेस हॅलमचा बंगला रिकामा होत होता. पंख्यांचा आणि कपाटांचा सौदा झाला, चहा आला आणि शेठची नजर भिंतीवरच्या जलरंगांच्या चित्रांवर गेली. मडमेनं स्वतः काढलेली होती.

"माझं गाव," ती म्हणाली. "स्कार्नविक. नकाशात शोधलंत तर सापडणार नाही, इतकं लहान."

शेठ उठून चित्रांजवळ गेले आणि तिथेच रमले. दुधावरच्या सायीसारखे पांढरे कडे. कड्याच्या कुशीत काळ्या पाटीच्या दगडांची छपरं. बुटक्या मनोऱ्याचं देऊळ. धक्क्याकडे उतरणारी गल्ली, इतकी अरुंद की डोक्यावर टोपली घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागेल. काठ्यांवर वाळत घातलेली जाळी. ओहोटीत कुशीवर कललेल्या होड्या.

"अहो मॅडम, हे तर आमचंच गाव!" शेठना राहवेना. "फक्त माडांची झाडं तेवढी कापून टाकलीत तुम्ही!"

मिसेस हॅलम हसली. शेठ मात्र व्यापारी, वस्तूतली खोट शोधायची सवय जाते कुठं? एका चित्रावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर त्यांची नजर फिरली.

"मॅडम, घरांना समुद्राच्या बाजूनं खिडक्या नाहीत."

"नाहीत."

"मग वारा कुठून येतो?"

तिनं दुसरंच सांगायला घेतलं. गावात शेती नव्हती, मासळी बेताची. तरी तिच्या पणजोबांच्या काळात घराघरात चिनी बशा होत्या, रेशमाचे तागे होते, साखरेच्या ढेपा होत्या.

"आणलं कुठून एवढं?"

"समुद्रानं दिलं, असं म्हणत."

शेठनी डोळा बारीक केला. सदऱ्याच्या अस्तरात सोन्याची बिस्किटं शिवून इथून कोकणात उतरणारे त्यांनी थोडे पाहिले नव्हते. "समजलो, मॅडम," ते म्हणाले. "सगळीकडे असंच चालतं."

"नाही, मिस्टर यूनुस. मला वाटतं, तुम्ही समजला नाहीत."

मग तिनं मागच्या पडवीतली शेवटची वस्तू दाखवली. एक खिडकी. ओकच्या लाकडाची चौकट, इतकी जड की दोघांना उचलवेना. जाड, हिरवट, बुडबुडे असलेली काच. बाहेरच्या अंगाला खिळे ठोकून बसवलेली एक आडवी फळी. गावात समुद्राकडे उघडणारी ही एकच खिडकी, कड्यावरच्या शेवटच्या घराची. कडा वर्षावर्षाला ढासळत आला आणि घर समुद्रात जायच्या आधी आजोबांनी ती काढून घेतली. समुद्र दिसणार नाही अशा जागी ठेव, असं नातीला बजावलं. तिला त्यासाठी वाळवंट बरं वाटलं होतं.

"मी आता विमानानं जाणार. ही बोटीनं पाठवायची नाही मला. घेऊन जा, पैसे नकोत. फक्त ती फळी काढू नका."

शेठनी मान डोलावली. निघणाऱ्या माणसाच्या सगळ्याच अटींना ते मान डोलावत.

२

खिडकी दुकानात गेलीच नाही. ती घरी आली, आणि त्याला कारण शहरबानू.

कुवेत शहरातल्या शर्कच्या जुन्या वस्तीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, मातीच्या भिंतींच्या भाड्याच्या घरात ही दोघं राहत. घराला अंगण होतं, पण बाहेर बघायला एक भोक नव्हतं. शहरबानूचं माहेर खाडीच्या काठावर. तिथं भाकरी थापतानासुद्धा खिडकीतून गलबतं दिसायची. लग्नाला बारा वर्षं झाली तरी तिची तक्रार जुनी झाली नव्हती.

"शेख लोकांना पियानो देता, मला एक खिडकी देववत नाय तुमच्यानं?"

तर शेठनी तिला विलायती खिडकी दिली. भिंत फोडायला घरमालकाची परवानगी नव्हती, म्हणून बैठकीच्या खोलीतल्या मोठ्या आंधळ्या कोनाड्यात ती बसवली. काचेमागे चार बोटांची पोकळी, त्यामागे कोनाड्याची मातीची पाठ आणि तिच्यापलीकडे शेजाऱ्याचं कोठार. फळी काचेवर आडवी येत होती, ती शेठनी पकडीनं उपटली. लाकूड अस्सल होतं. स्वयंपाकघरात तिची मांडणी झाली आणि तिच्यावर मिसेस हॅलमच्याच बशा लागल्या. मडमेनं सोबत देऊन टाकलेली चित्रं खिडकीच्या दोन्ही बाजूंना टांगली.

पहिला पाहुणा आला तो कमाल. गोदीवर कस्टमच्या शेडमध्ये कारकून, शेठच्या गावचा, आणि जिभेचा तिखट.

"वा, यूनुसभाई! बायकोला खिडकी दिलीस. आता बाहेरचं कधी देणार?"

"बस आधी. हे बघ, ही गल्ली. इथून उतरलं की धक्का. इथं हे देऊळ. आणि हे शेवटचं घर, त्याची ही खिडकी!" शेठ काठीनं दाखवत होते, चेहरा नुसता फुलला होता. भरतीला पाणी कुठवर चढतं, मेंढ्या कुठल्या वाटेनं वर जातात, सगळं त्यांना पाठ. जे मडमेनं सांगितलं नव्हतं, तेही ते सांगत होते.

"तू तिथला खोत की काय रे?" कमाल म्हणाला. "इतकं तर तुला श्रीवर्धनचंही माहीत नाय."

शहरबानू चहा ठेवता ठेवता हसली, आणि पदरानं खिडकीची पाटली पुसली. पाटली ओली होती.

दुसऱ्या दिवशीही ओली होती. तिसऱ्या दिवशी शेठनी बोट लावून चाखून पाहिलं. खारट. मातीच्या भिंतींना खार फुटतो, शर्कमधलं कुठलं घर त्याला सुटलंय? त्यांनी पाटलीवर फडकं अंथरलं आणि विषय संपवला. फडकं संध्याकाळी पिळता येईल इतकं भिजलेलं असे.

३

मेअखेर कमाल धापा टाकत दुकानात आला. "यूनुसभाई, पेढे काढ! तुझा मेव्हणा निघालाय!"

अकबर म्हणजे शहरबानूचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेला. त्याला इथं दुकानात घ्यायचं, हे किती वर्षांपासून तिच्या मनात होतं. आता मस्कतहून आलेल्या एका बोटीनं निरोप आणला होता. हंगामाची शेवटची दोन गलबतं काथ्या आणि आंबे भरून सोबतीनं येत होती. एकावर अकबर होता. दुसऱ्याचं सुकाणू यूसुफ तांडेलाच्या हाती; ते शहरबानूच्या माहेरच्या आळीतले, ती त्यांना चाचा म्हणे. वारा नीट राहिला तर दोन्ही आठवड्याभरात लागतील.

घरात ईद आल्यासारखं झालं. शहरबानूनं गाद्यांना ऊन दिलं, सांदणांसाठी तांदूळ भिजवले, आणि संध्याकाळी काचेच्या वाटीत खोबरेल ओतून, वात लावून, दिवा खिडकीच्या पाटलीवर ठेवला.

"विजेचा दिवा असताना हे काय?" शेठनी विचारलं.

"वाटेचा दिवा. आमच्याकडं माणूस समुद्रावर असला की खाडीकडच्या खिडकीत ठेवतात. तुमी काय शेतकऱ्याच्या घरातले, तुमाला काय ठाव?"

त्या दिव्याची रीत होती. एकदा लावला की घरच्यांनी विझवायचा नाही, तेल घालत राहायचं. येणारा माणूस उंबऱ्यात पाणी पिण्याआधी आत जाऊन स्वतःच्या फुंकरीनं तो विझवतो. घरच्यांपैकी कुणी विझवला, तर वाटेवरच्या माणसाची वाट बंद. तिच्या वडिलांनी असे किती दिवे फुंकले होते. शेवटचा मात्र तेल संपेपर्यंत जळत राहिला होता.

शेठना ती गोष्ट आवडली. दिव्याच्या उजेडात काच अशी झळाळली, की त्यांनी कमालला मुद्दाम बोलावून दाखवली.

कमालनं वाकून ज्योतीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पंखा बंद कर जरा."

शेठनी पंखा बंद केला.

"अजून आतच झुकतेय."

खरंच, ज्योत खोलीकडे झुकलेली होती, खिडकीतून वारा यावा तशी. शेठनी चौकटीच्या कडेनं हात फिरवला. फट नव्हती. काचेमागे दिव्याच्या उजेडात माती दिसत होती, तिच्यात कालवलेला भुसासुद्धा.

"गरम हवा वर जाते, गार हवा खालून येते," शेठ म्हणाले. असलं काहीतरी त्यांनी एका इंजिनिअर साहेबाकडून ऐकलं होतं. त्यांना स्वतःला ते पटलं, म्हणून त्यांनी ते दोनदा सांगितलं.

४

पाचव्या दिवशी दुपारी शमाल सुटला. वायव्येचा हा वारा कुवेतला नवा नाही, पण त्या दिवशी धूळ अशी आली की जोहरच्या नमाजेनंतर तासाभरात आभाळ तांबडं आणि मग काळं झालं. शेठनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि तोंडाला उपरणं गुंडाळून घर गाठलं. वाटेत समुद्राकडे नजर गेली. कुवेतचा समुद्र म्हणजे तळं. तुफानातसुद्धा तो नुसता कुरकुरतो, लाटा फोडत नाही.

घराचं दार लावून त्यांनी उपरणं सोडलं, आणि लाटा फुटल्याचा आवाज ऐकला.

बैठकीतून येत होता. खोल, सावकाश, खालून. आधी एक धडक, मग गोट्यांवरून पाणी मागे ओढल्याची खरखर, मग शांतता, मग पुन्हा धडक. शहरबानू खिडकीसमोर बसली होती, दिव्यात तेल घालत.

"ऐकलंत?" तिचे डोळे चमकत होते. "माहेरासारखं वाटतं. मला वाटतं, जवळच आलीत गलबतं."

शेठनी काचेवर तळहात टेकला. काच गार होती. जूनच्या दुपारी, कुवेतमध्ये, बर्फाच्या लादीसारखी गार. ते धावत अंगणातून शेजाऱ्याकडे गेले. कोठार उघडायला लावलं. त्याच भिंतीच्या पलीकडच्या बाजूला तांदळाची पोती छतापर्यंत रचलेली, कोरडी ठाक. पोत्यांना कान लावला. काही नाही. परत आले, तर खोलीत धडक, खरखर, शांतता.

भिंत वाजते, ते मनाला म्हणाले. वारा कुठंतरी गच्चीतून शिरतो आणि भिंत ढोलासारखी वाजते. पाण्याच्या टाकीचा पाइप असेल. पण हात त्यांचे तोवर स्वयंपाकघरात पोचले होते, बशा खाली उतरवत होते. ती फळी हवी होती.

"काय करताय?"

"खिडकी बंद करतो. दिवा काढ तिथून."

शहरबानू उठून दिव्यासमोर उभी राहिली. असा चेहरा त्यांनी तिचा पाहिला नव्हता.

"वारा बघताय ना बाहेर? माझा भाऊ त्यात आहे. आणि तुमी म्हणता दिवा काढ?"

"बानू, ह्या खिडकीत काहीतरी..."

"तुमचा भाऊ असता तर काढला असता?"

शेठ हातात फळी घेऊन उभे राहिले. फळीचे खिळे वाकलेले होते, आणि त्यांच्या टोकांवर उपटताना पाहिला होता तसा जुना गंज नव्हता. ती लकलकत होती.

तेवढ्यात खिडकीकडून वास आला. खाऱ्या वाऱ्याचा, शेवाळाचा, आणि त्यांच्या मागोमाग ओल्या काथ्याचा. मग, अगदी स्पष्ट, पिकल्या आंब्याचा.

"आले!" शहरबानू टाळी वाजवून म्हणाली. "अहो, आले!"

५

आणि तो आला! असरची, उतरत्या दुपारची बांग झाली, धूळ बसू लागली, दारावर थापा पडल्या आणि कमालचा आवाज घुमला, "आपा, दार उघडा, माल सुखरूप आणलाय!"

अकबर दारात उभा होता. भुवयांवर मीठ, ओठ फुटलेले, पण धड. शहरबानूनं त्याला कवटाळलं, चापटी मारली, रडली, पुन्हा कवटाळलं. "किती वाळलास मेल्या! खायला घालत नव्हते का?" शेठच्या छातीवरचा दगड उतरला. फळी भिंतीला टेकवून ते हसायला लागले. एवढ्यातेवढ्याला भ्यायलो, दुसरं काय. उद्या कमालला ही गंमत सांगायची, स्वतःच्या फजितीसकट.

"आणि यूसुफचाचा?" शहरबानूनं विचारलं. "त्यांनाही जेवायला बोलवायचं होतं."

कमाल चपला काढायला खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. अकबर बोलला.

"आपा, दुपारी काळोख झाला. शीड दिसेना इतकी धूळ. आम्ही हाका मारून एकमेकांना धरून होतो. मग उजव्या अंगाला दिवा दिसला. पिवळा. उंचावर, एखाद्या कड्यावर असावा तसा."

"इथं कडा कुठला?" शेठ म्हणाले. हसू अजून त्यांच्या तोंडावर होतं, कारण ते काढायचं राहून गेलं होतं.

"आमचा तांडेल तेच म्हणाला. म्हणाला, कुवेत परातीसारखं सपाट आहे, उंचावर दिवा लावणारा कोण? पण दुल्हेभाई, वाऱ्यावर खोबरेलाचा वास होता. घरासारखा. खलाशी नाचायला लागले. मीच ओरडलो, आपाचा दिवा, आपाचा दिवा!" अकबरनं फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "आमच्या तांडेलानं शिव्या घालून सुकाणू उलटं फिरवलं. यूसुफचाचांनी दिव्याकडं फिरवलं. त्यांना तो दिवा ओळखीचा ना. मग नुसता आवाज आला. लाकूड खडकावर फुटल्याचा. तिथं खडक नाय, दुल्हेभाई. सगळी वाळू आहे. नंतर आम्ही तासभर फिरलो. एक फळकुट नाय सापडलं."

खोलीत लाटांचा आवाज थांबलेला होता. कधी थांबला, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शेठ चित्रांकडे बघत होते. पांढरे कडे. पाठ फिरवून बसलेली घरं. चिनी बशा, रेशमाचे तागे, साखरेच्या ढेपा. समुद्रानं दिलं. आणि एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याला, ज्यानं आयुष्यभर वस्तू बघून तिचा धनी ओळखला, त्याला आत्ता कळलं, की ही खिडकी कशासाठी होती, आणि अंधाऱ्या रात्री तिच्यात दिवा ठेवून कुणाची जहाजं खडकांवर बोलवत.

"अकबर," ते म्हणाले, "दिवा विझव. आधी दिवा विझव, बाकी मग."

रीतही तीच होती. शहरबानूनं पाण्याचा तांब्या बाजूला धरला. अकबर खिडकीजवळ गेला, पाटलीवर हात टेकून वाकला. लहानपणी वडिलांना बघून शिकला होता तसे त्यानं दोन्ही गाल फुगवले.

ज्योत आडवी झाली. खोलीकडे. आणि विझली.

अकबरचे गाल अजून फुगलेलेच होते.

वातीतून धुराची एक रेघ त्याच्या तोंडावर आली. तो मागे सरला नाही. काचेवर, बरोबर ज्योतीच्या उंचीला, श्वासाच्या वाफेचा एक गोल डाग उमटला होता. शेठनी बाहीनं तो पुसला. पुसला गेला नाही. पुन्हा पुसला. बाही कोरडी होती. डाग पलीकडच्या अंगाला होता.

त्याच्या शेजारी दुसरा उमटला. मग वर एक. मग दोन्हींच्या मधोमध, चेहऱ्याला चेहरा घासून जागा करावी तसा, आणखी एक. मग एक खाली, पाटलीला लागून, जणू कुणाला उभं राहवत नव्हतं.

कमाल पुटपुटत दुवा म्हणू लागला. शहरबानूच्या हातातला तांब्या कलला होता, पाणी जमिनीवर सांडत होतं, आणि तिला ते कळत नव्हतं.

"अकबर," ती अगदी हळू म्हणाली, "यूसुफचाचांच्या गलबतावर किती माणसं होती रे?"

अकबर काचेकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते.

तो मोजत होता.